रुसलेला जावई आणि उभा लोडर

शेळगाव,
नवरात्राची तिसरी माळ

कोऱ्हाळे बुद्रुकचे थोर बागायतदार, आमच्या घराण्याचे एकुलते एक जावई, श्री. मल्हारराव दाजी यांच्या पायाशी धाकटा मेव्हणा नागेश याचं डोकं टेकून, आणि ते बराच वेळ टेकलेलंच ठेवून, दंडवत. हिकडं बिरोबाच्या कृपेनं आबा, आई आणि मी धडधाकट हाय. तुमची तब्येत कशी? गुडघा काय म्हणतो? (गेल्या खंडेनवमीला आमच्या अंगणातून ज्या वेगानं तुमी गाडीकडं गेलात, त्यावरून गुडघा ठणठणीत असावा असं आबांचं मत हाय. मी नुसतं कळवतो.) दिपालीताई बरी हाय ना? आणि तुमचा तो मोठा ट्रॅक्टर? अजून वळवायला शेजाऱ्याच्याच रानात न्यावा लागतो, का तुमी शेजाऱ्याचं रान घेतलं? पत्र बघून तुमी चकित झाला असाल. पण फोन तुमी उचलत न्हाय, मेसेजवर तुमची निळी खूण उमटत न्हाय, म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती देतोय. दुधासाठी तरी तुमी दार उघडताच.

तर विषय लोडरचा हाय. आपला धंदा तुमाला ठावा हाय. सहा टिपर, दोन पोकलेन, एक जेसीबी, एक रोलर आणि आबा. (आबांना मी गाड्यांतच धरतो. त्यांना पण सकाळी दोन कप चहा ओतल्याशिवाय स्टार्टर लागत न्हाय.) सणसरकडून कारखान्याला जाणारा रस्ता यंदा आमच्याकडं हाय. दिवाळीच्या मागंपुढं हंगाम सुरू झाला आणि ऊसगाड्या रस्त्यावर आल्या, की मग कसली खडी आणि कसली दबाई! त्याच्या आत रस्ता उरकला न्हाय तर पुढच्या कामाला आमाला कुणी दारात उभं करणार न्हाय. आणि टिपर भरायला आमच्याकडं काय, तर जेसीबी. म्हणजे चमच्यानं रांजण भरायचा. एक टिपर भरतोय तोवर बाकीचे पाच ड्रायव्हर झाडाखाली झोपून उठलेले असायचे. तवा ठरवलं, लोडर घ्यायचा. पुढं मोठी बकेट, खाली चार टायर, आपल्या पायानं ह्या साइटवरून त्या साइटवर जातो. पोकलेनसारखा नवरदेव करून ट्रेलरवर बसवायला लागत न्हाय.

आता घ्यायचा कुठला? तुमी समोर नसलात तरी तुमची शिकवण माझ्या कानात होती, की घ्यायचं तर मोठं घ्यायचं. (सहा एकराला तो ट्रॅक्टर घेतलेल्या माणसाचा शब्द मोडायची माझी काय छाती!) म्हणून पहिला डेमो सगळ्यात मोठ्या लोडरचा मागवला. आला राजा. अंगणात शिरताना आबांनी हौसेनं बांधलेल्या कमानीला त्यानं खांदा लावला, आणि ‘बिरोबा प्रसन्न’मधलं ‘प्रसन्न’ खाली आलं. बिरोबा तेवढा वर राहिला, तो पण जरा तिरकाच. बरं, ताकद म्हणाल तर अफाट. पण तीन बकेटा टाकल्या की टिपर अर्धपोटी राही, आणि चौथी टाकली की खडी केबिनवरून रस्त्यावर. साडेतीन बकेटा टाक म्हणून आमच्या झुंबर ऑपरेटरला सांगितलं, तर त्यानं अर्धी बकेट मोजण्यात अर्धा तास घालवला. आणि डिझेल तर यात्रेत पाव्हण्यानं मटणाचा रस्सा प्यावा तसं पीत होता. संध्याकाळी त्याला हात जोडून वाटेला लावला. कमानीचा फोटो ताईला पाठवलाय, तिच्या मोबाइलात बघा.

मग मी उलट्या टोकाला गेलो. सगळ्यात स्वस्त लोडर बोलावला. आबांना बघताक्षणी संशय आला. स्वस्तात मिळणारं मेंढरू घरी आणलं की खोकतं, असं त्यांनी मेंढरं राखायच्या दिवसांतलं ज्ञान सांगितलं. मी म्हटलं, आबा, हे लोखंड हाय, हे कशाला खोकतंय? तर तो खोकला न्हाय, पण त्याचा हात टिपरच्या फळीच्या वर जाईना. बकेट फळीला धडकायची आणि खडी आमच्याच पायावर. हितं माझी अक्कल चालली. (हसू नका, वाचा.) मी टिपर उभा करायला खड्डा घेतला. टिपर खाली गेला, बकेट वर आली, पोटभर माल पडला. सेल्सवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मग भरलेला टिपर खड्ड्यातून निघंना. पोकलेननं मागून रेटला, जेसीबीनं पुढून ओढला, सगळं गाव कडेला उभं राहून ‘व्हय व्हय’ आणि ‘न्हाय न्हाय’ करत होतं. त्या गडबडीत लोडरचा तेलाचा पाइप फुटला. नवा पाइप कधी, तर म्हणे जहाज लागलं की. आबांनी त्या बिचाऱ्या सेल्सवाल्याला विचारलं, शेळगावला बंदर कधी झालं?

तिसरा मात्र मधल्या अंगाचा निघाला. पाच बकेटात टिपर भरतो, सांडत न्हाय, कमानीखालून मान न मोडता जातो, डिझेलला हावरा न्हाय. आबांनी त्याला पुढून न्हाय, मागून बघितला, टायर दाबले, आणि ह्याला म्हातारपणी कोण घेईल असं विचारलं. (मी डिप्लोमा केलाय, पण विकताना काय येईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तसं हे आबांना सांगू नका.) तरी मला खातरी पाहिजे होती. म्हणून मी बारामतीला त्या लोडर कंपनीच्या मेकॅनिकला खोटाच फोन केला, की लोडर बंद पडलाय, धावा. माणूस ऊन डोक्यावर घेऊन तासाभरात हजर. लोडर आपला फुरफुरत उभा. त्यानं माझा जो उद्धार केला तो पत्रात लिहिण्यासारखा न्हाय. आईनं त्याला पिठलं-भाकरी वाढली तवा शांत झाला. जेवून उठल्यावर आईनं निकाल दिला, की ह्याच घरचा लोडर घ्या, माणसं बोलावल्यावर येतात.

हे वाक्य बोलताना ती कोऱ्हाळ्याच्या दिशेनं बघत होती, हे मी आपलं सहज सांगतो.

गणपतीच्या दिवसांत लोडर दारात आला. हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली, आबांनी नारळ उचलला, आणि आईनं त्यांचं मनगट धरलं. म्हणाली, नव्या गाडीचा नारळ फोडायचा मान जावयाचा. मागं चुकलं तेवढं पुरं झालं! झालं, आबांनी नारळ खाली ठेवला. गेल्या खंडेनवमीला रोलर आला तवा तुमी हात धुवायला मोरीकडं गेला होता. (तुमचं हात धुणं लवकर आटपत न्हाय, हे तुमीबी मान्य कराल.) रोलर घेऊन आलेल्या सेल्सवाल्याला भिगवणला दुसरी गाडी द्यायची होती, त्यानं घाईघाईत नारळ फोडला, आणि तुमी आलात ते ओले हात आणि कोरडं तोंड घेऊन. पुढं केलेला खोबऱ्याचा तुकडा घेतला न्हाय, ताईला ‘चल’ म्हणालात आणि गेलात. तेव्हापासून ना दिवाळीला आलात, ना बिरोबाच्या यात्रेला. ताईला बोलावलं तर म्हणते, ते येतील तवाच येईन. आणि खडी दाबताना रोलरला जी थरथर लागते, ती महिन्यातच बिघडली. आई म्हणते, जावयाचा तळतळाट. मी म्हणतो, बेअरिंग. पण ह्या घरात माझं कोण ऐकतं?

पितृपक्षात तर आईनं लोडरला हातसुद्धा लावू दिला न्हाय. एकदा मीच गुपचूप नारळ घेऊन गेलो. बकेटच्या कडेवर आपटला, तो न फुटता उडाला आणि घरंगळत गटारात. आई दारातच उभी होती. तिनं सगळं बघितलं. तवापासून लोडर उभा हाय. हार वाळला, झुंबर त्याच्या सीटवर दुपारची झोप काढतो, आणि टिपर पुन्हा जेसीबीच्या चमच्यानं भरतायत. महिनाभर मी डिझेल, टायर, पाइप, सगळ्याचा हिशोब मांडला दाजी, पण सगळ्यात महाग लोडर कुठला, तर उभा लोडर, हे मला कुठल्या सेल्सवाल्यानं सांगितलं न्हाय.

आता थट्टा बाजूला ठेवतो. आमचं चुकलं. नारळ तुमचा होता, थांबायला पाहिजे होतं. तुमी न्हाय तर आबांना पत्त्याला गडी न्हाय, मला टोमणा मारायला माणूस न्हाय. आई सणाला ताईच्या आवडीची कडाकणी करते आणि डबा भरून ठेवते, मग चार दिवसांनी तीच कडाकणी आमी खातो. मऊ पडलेली असतात, पण टाकवत न्हाईत हो.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, पोरांना पापा, आणि ट्रॅक्टरला लांबूनच रामराम.

तुमचाच, पाठीत धपाटा खायला तयार असलेला,
नागेश

ता. क. : खरं काम हे, की खंडेनवमीला या आणि लोडरचा नारळ फोडा. हात घरूनच धुऊन या.

ता. क. २ : लोडर घ्यायच्या आधी मी ताईला फोन केला होता. ती म्हणाली होती, मोठा नको, स्वस्त नको, मधला घे, मी एक मोठा ट्रॅक्टर रोज बघते. तिचं तवाच ऐकलं असतं तर कमान वाचली असती.

ता. क. ३ : टेम्पोवाला चहा पितोय तेवढ्यात लिहितो. आत्ताच एसटीनं ताई आली. एकटी, पिशवी घेऊन. तुमाला डेअरीवर जाते म्हणून सांगून निघाली म्हणे. तिनं हे पत्र वाचलं, उभा लोडर बघितला, आणि म्हणाली, रस्ता काय ह्यांच्या रुसव्यापायी थांबणार व्हय? नारळ उचलला आणि एका दणक्यात दोन शकलं. आमाला वाटलं आई आता ओरडणार. तर आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, जावयाला मान तरी कुणामुळं हाय, लेकीमुळंच की! झुंबरनं चावी फिरवली. आत्ता पहिला टिपर भरतोय, चौथी बकेट चालू हाय.

ता. क. ४ : तेव्हा वरचं सगळं रद्द समजा, लोडरचा नारळ फुटला. पण गेल्या वर्षीचा नारळ परक्यानं फोडला होता, तो धरायचाच न्हाय, असं आईनं ठरवलंय. म्हणजे रोलरचा नारळ अजून तुमचाच हाय. रोलर मागंच दुरुस्त झालाय, आत्ता धुऊन कोऱ्हाळ्याच्या रस्त्याकडं तोंड करून उभा केलाय. ताई म्हणते, ते आल्याशिवाय मी काय परत जात न्हाय. डबा भरलेला हाय, या.