हलत्या गावात मुलगी देत नाही

मु. पो. कवठे महांकाळ,
मंगळवार

तीर्थस्वरूप भूपालदाजींना पायगोंडाचा सादर जय जिनेंद्र. आक्काच्या गुडघ्याला उतार पडला असेल, तुमची साखरही आटोक्यात असेल (नसली तर आक्काला सांगणार नाही). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे अंगणात खुशाल आहोत, घरात बसायचा धीर अजून होत नाही.

दाजी, फेब्रुवारीत तुम्ही पाटणहून तुमच्या पुतण्याचं, गोमटेशचं, स्थळ आमच्या चंदनासाठी आणलंत, तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, "हलत्या गावात आमी मुलगी देत न्हाई." तुम्ही चहा प्यालात. (बशी जरा जोरात ठेवलीत, पण ते मी मनावर घेतलं नाही.) तर आता ऐका. शनिवारपासून आमचं गाव हलतंय! तुमच्याकडं कोयनेकाठच्या जमिनीला सवयच आहे, पण आमच्या ह्या कोरड्या माळाला हे कुणी शिकवलं? मोठा धक्का एकच, पण त्याची पोरंबाळं आज सकाळपर्यंत सतरा झाली. तलाठी म्हणतो, मागाहून असे धक्के येतातच, घाबरू नका. तो स्वतः मात्र झाडाखाली टेबल मांडून बसलाय.

आणि पहिला धक्का आला कधी? विट्याची मंडळी चंदनाला बघायला आली तेव्हा! मुलाची कोइमतूरला सोनं गाळायची तीन दुकानं. आई कडक, सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही, म्हणून साडेपाचलाच पाटावर ताटं वाढली. पहिला घास उचलतोय तोच फळीवरचे डबे वाजायला लागले. मला वाटलं मांजर, मी "शुक शुक" केलं. तेवढ्यात पंखा झुलला आणि नवरा मुलगा आईला ओलांडून, माझ्या ताटात पाय देऊन दाराबाहेर! (पायात मोजे होते, त्यामुळं आमटी तोच घेऊन गेला.) खोटं कशाला सांगू, त्याच्या मागोमाग मी. बायकोला आत सोडून पळालो, हे विजयमाला येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

चंदना तेवढी शांत. तिनं गॅस बंद केला, विजयमालाला ओढून पलंगाखाली घातलं आणि हादरा थांबल्यावर दोघी चालत बाहेर आल्या. पण आता जेवण आत, माणसं बाहेर, आणि दिवस बुडायला आलेला. चंदना म्हणाली, मी आणते ताटं. मी म्हणालो, घरातला कर्ता मी हाय. उंबऱ्यापर्यंत गेलो की जमीन हलायची, की मी मागं. तीनदा असं झालं. चौथ्यांदा जमीन हलली नव्हती, म्हशीनं दाराला अंग घासलं होतं, तरी मी पळालो. शेवटी सूर्य गेला आणि पाहुणे उपाशी गाडीत बसले. जाताना मुलाची आई म्हणाली, "हलत्या गावातली मुलगी आमी करत न्हाई."

आवं दाजी, लय लागलं मनाला. पोरीचा काय दोष त्यात? मी बोललो तेव्हा तुम्हाला कसं वाटलं असेल, हे त्या दिवशी अंगणात उभं राहून कळलं. चुकलो. मोठेपणानं पोटात घाला.

आपला मेहुणा,
पायगोंडा

ता. क. पाटणला जेवताना धक्का आला तर माणसं ताट सोडतात का, ते कळवा.

ता. क. दुसरा. गोमटेशचं कुठं जमलं का? आपलं सहज विचारतोय.

ता. क. तिसरा. वरचा प्रश्न खोडला असं समजा. चंदनानं पत्र वाचलं आणि हसत सुटली. धक्का आल्यावर काय करायचं ते गोमटेशनंच तिला शिकवलं म्हणे. फेब्रुवारीपासून दोघं रोज फोनवर बोलतात. आक्काला ठाऊक, विजयमालाला ठाऊक, तुम्हालाही ठाऊक! मुलगी दिली, दाजी. तारीख मात्र चंदनाला विचारून धरा, तिनं बहुतेक धरलेलीच असेल.