वरच्या शेताचं पांघरूण

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा आता वाकू लागला असेल अशी आशा आहे. (नसेल तर जबरदस्तीने वाकवू नये. ऑपरेशननंतर शेजारणी येऊन जे व्यायाम शिकवतात, त्यापेक्षा मूळचं दुखणं परवडतं.) तुमची तब्येत, रक्तदाब आणि जिन्यातल्या भाडेकरूशी चाललेलं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. तुमची धाकटी बहीण वहिनींच्या मदतीला म्हणून तिकडे आली ती तिकडचीच झाली, याबद्दल माझी काही तक्रार नाही. भाजी रोज खाली लागते, तीही मी आवडीने खातो. आग्रह करून तिला तुम्हीच ठेवून घेतलंत हे मात्र विसरू नका, कारण पुढे जे घडलं त्यात तुमचाही वाटा आहे. अक्षर वाकडं आलं आहे ते समजून घ्यावं. एका हाताने लिहितोय आणि दुसऱ्याने खाजवतोय.

आमचं वरचं शेत तुम्ही पाहिलं आहे. तिथे ठेच लागून तुमच्या नव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हता. त्या जमिनीत कुदळ मारली तर कुदळच माघार घेते. पाऊस पडला की पाणी वरच्या वर वाहून जातं, मका गुडघ्याएवढा होतो आणि तिथेच त्याचा उत्साह संपतो. अशा जमिनीचं शहाण्या माणसाने काय करावं? वीटभट्टीवाले कमरेइतकी माती खणून न्यायला तयार होते आणि मला मोटारसायकल घ्यायची होती. इतकं सरळ होतं सगळं. पण तुमची बहीण म्हणाली, माती गेल्यावर राहील तो खड्डा. मी म्हटलं, खड्ड्यात पाणी साठेल. यावर तिने बोलणं सोडलं (हे सुख फार टिकलं नाही) आणि मग अट घातली: एक हंगाम शेत तिच्या ताब्यात द्यायचं, माती सुधारली नाही तर मी खुशाल विकावी, ती चकार शब्द काढणार नाही. मी तेव्हाच हो म्हटलं. तिने चकार शब्द न काढणं हेही मोटारसायकलीइतकंच मोलाचं होतं.

या खुळाचं मूळ म्हणजे शेतकी खात्यातल्या एक बाई. बायकांना सतरंजीवर बसवून त्यांनी सांगितलं की उष्ण मुलखात जमीन उघडी ठेवू नये, उन्हाने भाजते, पावसाने धुपते, म्हणून दोन पिकांच्या मधे आच्छादनाचं पीक पेरावं, म्हणजे जमिनीला पांघरूण होतं. पांघरूण! घाम पुसून पुसून माणसाचा जीव जातोय आणि जमिनीला पांघरूण घालायचं. शिवाय हे पीक विकायचं नाही, खायचं नाही, फुलावर आलं की कापून तिथेच कुजवायचं. आमचे वडील असलं काही ऐकते तर त्या बाईंना सतरंजीसकट गुंडाळून परत पाठवते. पण तुमची बहीण भारावून घरी आली आणि मला बी आणायला धाडलं. वेल खाजकुइलीचाच, म्हणाली, पण बिनखाजेच्या जातीचा, तालुक्याच्या बियाण्याच्या दुकानात मिळतो. आता दादा, तालुक्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस. आणि आमच्या चौकातला जडीबुटीवाला खाजकुइलीचं बी पोत्याने विकतो. जात कुठली, खाजेची की बिनखाजेची, हे नखरे बायकांचे. बी ते बी. मी पिशवीभर मागितल्यावर त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, गालात हसला आणि दुधातून घ्या म्हणाला. ते बी पुरुषांना कशासाठी देतात हे मला मागाहून कळलं. तोवर सगळ्या चौकाला कळून चुकलं होतं.

वेल मात्र असा माजला की बांध दिसेना. येणारे-जाणारे विचारत, काय लावलंय? मी म्हणे, काही नाही, बायकोची हौस. शेजारचा तर म्हणाला, तुमच्याकडे पाहुणा आला तर शेतात सोडू नका, सापडायचा नाही. तुमची बहीण रोज जाऊन पानं वर करून खालची माती हुंगायची. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला कधी एवढं निरखून पाहिलं नाही. मग तुमच्याकडे निघताना दारात उभी राहून बजावून गेली: फुलं दिसली की कापा, शेंगा धरू देऊ नका. मी मान हलवली. मी मान नेहमीच हलवतो. फुलं आली, जांभळी, घोसाघोसाने. तिला शेत द्यायचं होतं, दिलं होतं. त्यात विळा चालवायचंही मीच?

आता मुख्य. ती नाही हे साधून मी वीटभट्टीवाल्यांना बोलावलं. हंगाम संपायला वेळ होता, पण निकाल मला माहीतच होता. ते आले, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पायात बूट. वेल तुडवत थेट मधोमध गेले, फावडं मारलं आणि फावडं दांड्यापर्यंत आत गेलं. मला वाटलं घुशीचं बीळ असेल. त्यांनी दुसरीकडे मारलं, तिसरीकडे मारलं, मग मूठभर माती उचलून चोळली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना फसवलं होतं.

"हिच्यात मुळं आहेत, पाचोळा आहे, गांडुळं आहेत," ते म्हणाले. "हिची वीट भट्टीत तडकेल. माती वाया घालवलीत तुम्ही. आता हिच्यात पीकच घेत बसा."

एवढं बोलून ते मानेला खाजवू लागले. शेंगा वाळून त्यांच्यावरची लव उडायला लागली होती हे आम्हा दोघांनाही तेव्हाच समजलं. आधी त्यांनी मोठ्या माणसाला शोभेल असं एका बोटाने खाजवलं, मग दहा बोटांनी, मग बाभळीला पाठ घासली. शेण चोळल्यावर उतरतं, हे मी सांगितलं तर त्यांना ती थट्टा वाटली. थोड्या वेळाने मात्र स्वतःच गोठा कुठे म्हणून विचारलं. ते पांढरे कपडे जीपमधून परत गेले ते पाहण्यासारखे होते. हसायची सोय नव्हती, कारण मलाही शेण लागत होतं.

तर सांगायचं असं की विकण्याजोगी चांगली दगडी माती तुमच्या बहिणीने नासवली. तुम्ही वडील आहात, तिला चार शब्द सुनवा. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. वीटभट्टीवाले येऊन गेल्याचं तिला कळू देऊ नका. हंगाम तिचा होता, शब्द मी दिला होता. तिने भांडण केलं तर मी तोंड देईन. ती नुसती गप्प बसली तर मला जमणार नाही.

पुन्हा ता. क. परवा सरीवर सरी आल्या. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. दादा, पाणी वाहिलं नाही. शेताने सगळं पिऊन टाकलं. मी भिजत तिथेच उभा होतो, आणि सांगायला घरात कोणी नव्हतं. खालचं शेतही आता वरच्यासारखंच घट्ट होत चाललंय. तेव्हा कृपा करून खालीही तेच पेरावं असं तिला तुम्हीच सुचवा, जणू तुमच्या डोक्यातून निघालंय असं. मी दोन दिवस विरोध करीन, त्याकडे लक्ष देऊ नये.

शेवटचं. पाकीट डकवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. दादांच्या डोळ्यांत थेंब घालायला लागल्यापासून त्यांना आलेली पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे आत्ता आठवलं. सगळं पुन्हा लिहायचं म्हटलं तर हात खाजतोय. तेव्हा एवढं वाचलंच आहेस तर पुढचं ऐक. वेल मी कापला, अंगाला गोणपाट बांधून. शेंगा वेगळ्या काढून पुरल्या, पाला जागेवरच ठेवलाय, तू सांगितलं होतंस तसा. वहिनींना चालता येऊ लागलं की घरी ये. येताना खालच्या शेताचं बी तूच घे, माझ्यावर सोपवू नकोस. आणि हे एवढं दादांना वाचून दाखवू नकोस.