एप्रिलमधली ओल

४ एप्रिल
परत पोपडा पडला! या वेळी थेट अम्मीच्या उशीवर. लातुरात रस्त्याचं डांबर वितळून राहिलंय, नळ आठ दिवसांआड, अन् आमची भिंत ओली. पावसाळ्यात आली असती तर समजलं असतं. ही येते कुठून?

मराठीत लिहिते ते बरंय. अम्मीला उर्दूच वाचता येतं. रोज विचारते, "मेरा दमा बढ़ रा क्या?" मी नाही म्हणते. वाढलाय.

६ एप्रिल
घरमालक गुरुबसप्पा अप्पा भिंत बघून गेले. लांबूनच, हातसुद्धा लावला नाही. "आतलं तुमचं, बाहेरचं माझं, ठरलं होतं न्हाई का?" ठरलं होतं. पण ओल आतली का बाहेरची? तर म्हणे, "दिवसातून पाच टैम हातपाय धुता तुमी. ओल न्हाई येणार तं काय!"

अंगाचा तिळपापड झाला. गप्प बसले. बसावंच लागतं! किती घरं पाहिली होती — नाव सांगितलं की खोली 'कालच दिलेली' असायची. अप्पांनी नाव ऐकलं अन् किल्ली हातात ठेवली. ते उपकार आता घशात अडकतात.

९ एप्रिल
भिंतीपलीकडे आवाज. भर दुपारी! कुणीतरी हंडा ओतला, मग एकदम शांत. पलीकडची खोली अप्पांच्या बायकोची, गुरम्मा अक्कांची. त्या वारल्यापासून बंद. जाऊन पाहिलं, कुलूप तसंच लटकलेलं.

अप्पांना विचारलं. चेहरा उतरला त्यांचा. "तिथं काय बी न्हाई."

१० एप्रिल
अम्मीलाही ऐकू येतो. "कोई औरत पानी भर रई," म्हणाली. अगदी साधं, शेजारणीबद्दल बोलावं तसं.

१४ एप्रिल
यासेरचा नांदेडहून फोन. भाऊ माझा, सल्ल्यांना कमी नाही. "मालकाला नोटीस दे. भिंत त्याची, दुरुस्ती त्याची." खरंय. पण नोटीस दिली की अप्पा म्हणतील, घर खाली करा. मग अम्मीला घेऊन कुठं जाऊ? "तुझ्याकडं येऊ का?" विचारलं. तर म्हणाला, आवाज येत नाही.

१९ एप्रिल
मीच मूर्ख! अप्पांचं बोलणं मनावर घेतलं. अम्मीला म्हटलं, नमाजाआधीचं हातपाय धुणं, वजू, बाहेर ओट्यावर करत जा. तिला तर धड उठवतही नाही. ती हसली. "तयम्मुम कर लेती ना." म्हणजे पाण्याऐवजी कोरडी माती. पोपडे पडून उघड्या झालेल्या भिंतीवर तिनं दोन्ही तळवे टेकवले.

तळवे ओले निघाले.

आम्ही तर दिवसभर थेंबही सांडला नव्हता. अम्मी आपले हात बघत बसली. मला रडू आवरेना.

२३ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, भिंतीची बुरशी छातीत जातेय, यांना त्या खोलीतून हलवा. हलवा! सांगायला काय जातं?

अप्पांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच आवाज चढवून. मान खाली घालून ऐकलं त्यांनी. "बघतो," म्हणाले. परत म्हणाले, "बघतो."

२७ एप्रिल
कुणी काही बघितलं नाही. पलीकडे हंडा मात्र ओतला जातोय. अम्मी बसूनच झोपते आता.

३ मे
काल सकाळी अम्मी गेली. न्हाऊ घालायला घरात पाणी नाही, शेजाऱ्यांच्या टाक्या तळाला, टँकरवाला फोन घेईना. अप्पांनी गुरम्मा अक्कांच्या खोलीचं कुलूप काढलं. आत हौद. काठोकाठ भरलेला, आमच्याच भिंतीला लागून. मागं एक दार, त्यांच्या स्वयंपाकघरात उघडणारं.

"दुष्काळात ही गेली, तवा हिच्या अंगावर घालायला तांब्याभर पाणी मिळालं न्हाई. तवापास्नं भरून ठेवतो."

तोंडाशी शिव्या आल्या. अप्पांनी बादली भरून पुढं धरली.

मी घेतली.