फळीवरचे पाढे

प्रिय ताई,

नमस्कार. पडल्या पडल्या लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

पाठीच्या कण्याच्या ऑपरेशनची जखम भरून आलीय. आता अडलंय ते रक्तदाबावर. मला उठवलं की रक्त पायांतच साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पोटाला रुंद पट्टा, मांडीपर्यंत घट्ट मोजे, सकाळी गोळी आणि ताटात जास्तीचं मीठ. बाबांच्या दाबापायी आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं अळणी खाल्लं, आणि इथे मला मीठ खा म्हणून मागे लागतात. आई म्हणेल, दाब कमीच आहे ना, मग बरंच झालं. तिला तसंच वाटू दे.

रोज मला एका फळीला बांधतात आणि फळी हळूहळू उभी करतात. व्यायाम घेणाऱ्या बाईंचं म्हणणं एकच, बोलत राहा. मी गप्प झालो की चक्कर आली समजून त्या फळी आडवी करतात. रोज काय बोलणार? मग तू घोकून घेतलेले पाढे म्हणतो. कंटाळा आलाय गं.

काल सतराच्या पाढ्यात अडकलो. शुद्धीत होतो, फक्त पुढचं आठवेना. बाईंनी घाईघाईने आडवं केलं. नेमका तेव्हाच मी पुरता उभा होतो आणि अपघातानंतर पहिल्यांदा खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता.

आईचे गुडघे कसे आहेत? तू वेळेवर जेवतेस ना?

सतराचा पाढा तेवढा लिहून पाठव. मला तो रस्ता अजून थोडा बघायचाय.

तुझा धाकटा भाऊ