आमच्या कन्सोलला आवाज नाही

३ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. घरात मोठी खरेदी व्हायची आहे आणि मोठ्या खरेदीची नोंद हवीच. कारखान्यात खरेदी विभाग मी सांभाळतो. तिथे माझ्या सहीशिवाय आणि तीन कोटेशनांशिवाय साधा झाडू आत येत नाही, मग घरात व्हिडिओ गेमचा कन्सोल कसा येईल?
परीक्षा झाली की कन्सोल, असं मुलीला कबूल केलं होतं. परीक्षा झाली. तिचं म्हणणं एवढंच, की पांढरा घ्या. पांढरा म्हणजे माझ्या साडूंकडे आहे तो. शंका यायला तेवढं पुरेसं आहे.

५ ऑगस्ट, जेवणाआधी
तुलनात्मक तक्ता तयार. उमेदवार तीन: काळा, पांढरा आणि हातात धरून खेळायचा छोटा. रकाने अकरा. वजन, वायरची लांबी, वॉरंटी, कंट्रोलरची पकड, धूळ किती बसते, वगैरे.
छोटा पहिल्याच फेरीत बाद. तो हरवू शकतो. टीव्हीखाली ठेवलेली वस्तू हरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.
काळा आणि पांढरा अगदी अटीतटीचे. शेवटी आवाजाच्या रकान्यात निकाल लागला. पांढरा चालू असला की घुरघुरतो, साडूंकडे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. काळ्याला आवाजच नाही. दहापैकी दहा.
मुलगी मध्येच येऊन काहीतरी मैत्रिणीबद्दल सांगत होती. बेरीज चालू होती, म्हणून थांबवलं. नंतर ऐकू.

९ ऑगस्ट
काळा आला! खोका बघून मुलगी म्हणाली, छान आहे, आणि खोलीत गेली. आनंद फार झाला की ती अशीच गप्प होते. माझ्यावर गेली आहे.
तिला बाहेर बोलावून तक्ता समजावून सांगितला. अकराही रकाने. तिने प्रश्न एकच विचारला: यावरून पांढऱ्यावाल्यांशी खेळता येतं का? म्हटलं, नाही. दोन्ही कंपन्यांचं आपसात बोलणंच नाही. पण का खेळायचंय त्यांच्याशी? आपण वरचढ असताना? ती म्हणाली, बरं.
सोबत एक गेम फुकट मिळाला आहे. मालवाहू ट्रक चालवायचा, सिग्नल पाळायचे, माल वेळेत पोहोचवायचा. इतका समंजस गेम मी पाहिला नव्हता.

१७ ऑगस्ट, रविवार
साडू आणि मेहुणी जेवायला. साडू कॉलेजात गणित शिकवतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट हळू बोलतात. जेवण झाल्यावर त्यांना काळ्यापुढे बसवलं आणि कान लावायला सांगितलं. त्यांनी लावला. म्हणाले, खरंच की, काहीच ऐकू येत नाही. हार मानली म्हणायची.
पण जाता जाता काडी टाकलीच. त्यांच्या कपाटात एक जुना पांढरा पडून आहे, तो मुलीला देतो म्हणाले. मुलीने चटकन माझ्याकडे पाहिलं. मी लगेच समजलो. हा काळ्याचा अपमान होता, आणि तिलाही तो लागला होता. मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत स्पष्ट सांगितलं, "पांढरा डबा या घराचा उंबरठा ओलांडणार नाही."
फार उत्तम बोललो. साडूंनी चपला घातल्या.

१९ ऑगस्ट
ऑफिसात सगळ्यांना कळलं आहे, काळा का सरस ते. काहींना दोनदा कळलं आहे. स्टोअरकीपर हल्ली चहा घ्यायला गेटजवळ जातो. त्याला मोकळी हवा लागते.
त्याचाच पंख्याचा मागणी अर्ज आज परत पाठवला. 'कशासाठी हवा' हा रकाना कोरा. तो म्हणाला, पंखा कशासाठी हवा असतो, साहेब? म्हटलं, ते तुम्ही लिहायचं, मी ओळखायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

२२ ऑगस्ट
किरकोळ अडचण.
कोणतीही वस्तू आली की तिच्यावर नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची ही माझी सवय. काळ्यावर चिकटवली, दोन्ही कंट्रोलरांवर चिकटवली, ट्रकच्या गेमच्या डिस्कवरही चिकटवली. डिस्क आत गेली. गेम सुरू झाला. आता डिस्क बाहेर येत नाही.
कस्टमर केअरच्या मुलीला फोन केला. तिने विचारलं, डिस्कवर काही चिकटवलं होतं का? मी म्हटलं, प्रश्न अप्रस्तुत आहे. ती म्हणाली, चिकटवलं असेल तर वॉरंटी लागू नाही. वॉरंटीच्या रकान्यात काळ्याला नऊ मार्क दिले होते. तूर्त ते तसेच ठेवतो.
डिस्क आत आहे तोवर काळा दुसरा कुठलाही गेम उघडत नाही. बारकाईने विचार केला तर हा फायदाच आहे. साडूंकडे तीस-पस्तीस गेम आहेत, एकाचंही धड होत नसणार. आमच्याकडे एकाग्रता आहे.

३० ऑगस्ट, शनिवार
डोळ्यांत पाणी आलं. मुलगी आपणहून म्हणाली, दर शनिवारी काकांकडे गणित शिकायला जाऊ का? गणित म्हटलं की जिचं पोट दुखायचं, ती मुलगी! हे ट्रकचं यश. वेग, अंतर, वेळ. तिने तो गेम अजून खेळलेला नाही, पण मी खेळतो ते तिला आतल्या खोलीत ऐकू जात असणार. गेमचा आवाज वेगळा, कन्सोलचा वेगळा.
साडूंकडे पाठवायचं जिवावर आलं, पण विद्या ती विद्या. आमची हीसुद्धा सोबत गेली. मी घरी. ट्रक.

६ सप्टेंबर, शनिवार
मुलगी चारलाच तयार होऊन दारात उभी. पिशवीत वही नव्हती, हेडफोन होते. विचारलं. म्हणाली, काकांकडे आवाज फार असतो. मी हिच्याकडे बघितलं. बघ, म्हटलं, मी काय सांगत होतो? ही म्हणाली, तुमचं नेहमी बरोबरच असतं. लग्नानंतर प्रथमच.

७ सप्टेंबर
ट्रक एका बोळात अडकला. दोन्ही बाजूंना भिंत, पुढे भिंत. मागे घ्यायला जावं तर पडद्यावर सूचना येते, की गाडी मागे घेताना मागे उभं राहून दिशा दाखवायला माणूस हवा, दुसरा खेळाडू जोडा. सुरक्षेचा किती विचार केलाय!
हिला विचारलं. कपडे वाळत घालायचे आहेत म्हणाली. मुलीला विचारलं. गणित करतेय म्हणाली. दुसरा कंट्रोलर स्वतःच पायाने चालवून पाहिला. पाठीत उसण भरली.

८ सप्टेंबर
पाठ. रजा. झोपून पाहिलं तरी ट्रक बोळातच.

१९ सप्टेंबर
गणिताच्या चाचणीचे मार्क आले. चाळीसपैकी चौदा. साडूंकडे जायच्या आधी सतरा होते.
मुलगी म्हणाली, पेपर अवघड होता. मला ते पटत नाही. शिकवण्यातच खोट आहे. त्या घुरघुरीत पोराटोरांचं लक्ष लागणार कसं? उद्या न सांगता जाऊन पाहणी करायची. जाताना काळाही न्यायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे, फोनमध्ये आवाज मोजायचं ॲप घेतलंय, आकडे साडूंच्या हातात द्यायचे. गणिताच्या माणसाला आकड्यांपुढे बोलता येणार नाही. माझा मुद्दा एकदाचा सिद्ध होईल आणि मुलीचे मार्कही वाढतील.

२० सप्टेंबर, शनिवार, रात्री
त्या दोघी निघाल्यावर तासाभराने निघालो. काळा टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत. बसमध्ये मांडीवर घेतला.
दार मेहुणीने उघडलं. तिचा चेहराच उतरला. आत गणित चाललंय, जरा थांबा, म्हणाली. आतून कोणी मुलगी खदखदा हसत होती. मी विचारलं, पाहुणे आलेत का? मग माझ्या लक्षात आलं, की ती आमचीच होती. ती असं हसते हे मी विसरलो होतो.
आत गेलो. साडू टेबलाशी पेपर तपासत होते. ही सोफ्यावर मासिक वाचत होती. मुलगी जमिनीवर मांडी घालून, हातात पांढऱ्याचा कंट्रोलर, हेडफोन गळ्यात. पडद्यावर दोन बुटकी माणसं मिळून एक घर बांधत होती. आणि टीव्हीतून दुसऱ्या मुलीचा आवाज येत होता. खिडकी कुठे लावायची यावर दोघींचा वाद चालला होता.
आवाज ओळखीचा. आमच्या शेजारच्या इमारतीतली तिची मैत्रीण. रोज आमच्याकडे पडीक असायची, सारखी खायला मागायची. जूनमध्ये तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती लांब गेली. पुढे तिचं नाव घरात कोणी काढलं नाही. निदान माझ्यासमोर नाही.
मुलीने मला बघितलं आणि तिचं माणूस अर्ध्या भिंतीवर तसंच उभं राहिलं.
टीव्हीतून आवाज आला, "काय गं, थांबलीस का? कोण आलंय? तुझे बाबा तर नाहीत ना?"
पांढरा घुरघुरत होता. मी म्हटलं, "आवाज मोजायला आलोय." ॲप उघडलं, पांढऱ्याजवळ धरलं. एक्केचाळीस. मोठ्याने वाचून दाखवलं. साडू म्हणाले, बसा ना, चहा टाकतो. म्हटलं, नको, तुमचं गणित चालू द्या.
बॅग न उघडताच परत आलो. जाताना काळा इतका जड नव्हता.

२१ सप्टेंबर
हिला जाब विचारला. माझ्या पाठीमागे हे चालतं? घरातल्या घरात? ही शांतपणे म्हणाली, तिने तुम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मैत्रिणीकडे पांढरा आहे, म्हणून पांढरा हवाय, असं.
शक्य नाही. मागची पानं काढून पाहिली. ५ ऑगस्टला 'काहीतरी मैत्रिणीबद्दल' असं आहे. काहीतरी म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही. नोंद अपुरी.

२२ सप्टेंबर
स्टोअरकीपरचा पंख्याचा अर्ज पुन्हा आला. 'कशासाठी' मध्ये लिहिलंय: उकडतं म्हणून. सही केली. तो थांबून माझ्याकडे बघत राहिला. बरं वाटत नाही का, साहेब, म्हणाला.

२३ सप्टेंबर
निर्णय घेतला. मोठ्या मनाने. पांढरा घरी आणायचा.
उंबरठ्याचा प्रश्न आहे. सगळ्यांदेखत बोललेला शब्द असा गिळता येत नाही. पण मी उंबरठ्याबद्दल बोललो होतो, खिडकीबद्दल नाही. आपण तळमजल्यावर राहतो. साडू बाहेरून देतील, मी आतून घेईन.
साडूंना फोन केला. टोमणा मारतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. ते फक्त म्हणाले, हो, कधीही घेऊन येतो, खिडकी तर खिडकी. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.
टीव्हीखालचा वरचा कप्पा रिकामा केला. काळा खालच्या कप्प्यात. धूळ पुसली. मुलीला आताच सांगायचं नाही. मार्क कितीही पडोत, शुक्रवारी जेवताना सांगू.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
सांगितलं. वाट पाहिली.
ती म्हणाली, "नको बाबा. तिकडेच बरं आहे."
मला वाटलं, माझ्या शब्दाखातर नको म्हणतेय. खिडकीची युक्ती सांगितली. रिकामा कप्पा दाखवला. ती हसली, पण ते साडूंकडचं हसू नव्हतं. मग मी विचारलं, का नको? खरंच विचारलं, आणि गप्प बसलो.
ती पाणी प्यायली. ग्लास खाली ठेवला. "तिकडे मला कोणी काही समजावून सांगत नाही."
रागावून नाही म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. एवढं बोलून ताट उचललं, माझंही उचललं, आणि आत गेली.
मला वाईट वाटलं. दुसरा शब्द नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ
दोघी गेल्या. दारातून ही म्हणाली, गणिताला जाऊन येतो. आता सगळ्यांना सगळं माहीत आहे, तरी ही गणितच म्हणाली. मीही म्हटलं, नीट कर गं. मुलीने मान डोलावली. हेडफोन हातातच होते.
साडूंना कळवून टाकलं, खिडकीचं रद्द. वरचा कप्पा रिकामा आहे. तिथे काही ठेवावंसं वाटत नाही.
काळा सुरू केला. ट्रक बोळात आहे. दुसरा खेळाडू जोडा, म्हणतोय.
तक्ता पुन्हा एकदा पाहिला. बाकी रकान्यांत मतभेद होऊ शकतील, पण एका बाबतीत मी बरोबर होतो. आमच्या कन्सोलला आवाज अजिबात नाही. घरात कोणी नसलं की ते जास्तच जाणवतं.