निळी आंघोळ

कळमनुरी,
सप्टेंबर २००४

प्रिय सपनाचे पप्पा,

हे फोनवर बोलता येत नाही. बूथवर मागे माणसं ताटकळत असतात आणि तुमची लेक रिसीव्हर सोडत नाही, म्हणून लिहायला बसले. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, तिच्या हृदयाला आता ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या आणि तिला आवडेल ते करा. आणि तिला आवडावं काय, तर तुमच्या गोव्याच्या हॉटेलात पाहुण्यांच्या टबात फसफसणारा तो रंगीत गोळा. सात वर्षांच्या पोरीला असल्या गोष्टी सांगून तुम्ही मोकळे, निस्तरायचं मी.

तातेरावांच्या दुकानातून खायचा सोडा आणि सरबतात घालतात ते लिंबूफूल आणलं. आंघोळीला लिंबूफूल काहून लागून राहिलं, असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यात मक्याचं पीठ आणि खोबरेल घालून वळायला बसले. सवयीने लाडवासारखा पाण्याचा हात लावला, तर सगळं परातीतच फसफसून बसलं.

रंगाला पहिली हळदच हाताशी आली, आपल्याकडे दुसरं काय येणार. सोडा जास्त पडला होता. कपडे भिजवायच्या टबात गोळा टाकला आणि पाणी कुंकवासारखं लाल झालं. सोड्याने हळद लाल होते हे मला कळायला नको? सपना रक्त समजून रडली. पाणी बदललं, तरी अंगावर पिवळेपणा राहिला. शेजारच्या शकुबाई सहज बोलून गेल्या, लेकरू नवरीवानी दिसून राहिलं. मी आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

मग तिनेच फर्मावलं, निळा पाहिजे, जयंतीच्या झेंड्यासारखा. कपड्यांची नीळ मी घालू दिली नाही, तर भिंतीकडे तोंड करून रुसली, अगदी तुमच्यासारखी. शेवटी कुंपणावरची गोकर्णाची फुलं सुकवून कुटली. लिंबूफूल जास्त झालं की जांभळं, बेतानं घातलं की निळं. एकदाचं जमलं. काल पाणी निळं झालेलं पाहून तिने टाळ्या वाजवल्या आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसती भीती वाटली.

अंग पुसताना तिने हात पुढे केले. रंग नखाला लागला, निघून नाही राहिला, म्हणाली. मी साबण लावून चोळलं. ओठही तसेच दिसले, तेही पुसले. गोकर्णाचा रंग अंगाला चढत नसतो हे मला माहीत आहे, तरी चोळत राहिले. मग तिला सांगितलं, पप्पा आले की काढतील. आता ती मला हात लावू देत नाही, हे पप्पांचं काम आहे म्हणते. तुम्ही दिवाळीला येतो म्हणता. दिवाळीला ती मला दिसत नाही हो. नोकरी गेली तर जाऊ द्या, पत्र हातात पडेल त्याच गाडीने निघा. तो रंग तुमच्यानेही निघायचा नाही. पण तिला वाटतंय तोवर या.

तुमचीच,
संध्या