म्हातारीचा विंच

प्रिय खटपट्या,

तुझ्या आईनं आज सकाळी चहाच्या कपाबरोबर कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "फोनवर तुमचं गाडं दोन वाक्यांपुढे जात नाही, तेव्हा लिहाच." मी मधमाश्यांशी बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही, ही तिची जुनी तक्रार. माश्या मध्येच तोडत नाहीत, हे माझं जुनं उत्तर. तर लिहायला बसलोय. अक्षर लागलं नाही तर तिला विचार, ती शेजारीच बसून मटार सोलतेय आणि मी काय लिहितोय ते बघत नसल्याचं सोंग करतेय.

इकडे सगळं ठीक. वरच्या उतारावर यंदा फुलं उशिरा आली, पण आली ती भरभरून. मधपेट्या सगळ्या वर नेऊन ठेवल्यात. माश्या एवढ्या खुशीत आहेत की परवा मी जाळी न घालता झाकण उघडलं तरी एकीनंही माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तुझ्या खोलीत मात्र मी आक्रमण केलंय. टेबलावर, खिडकीत, पलंगाखाली, जिथे जागा दिसेल तिथे रिकाम्या चौकटी रचल्यात. खोलीला मेणाचा वास लागलाय. तू येशील तेव्हा आवरून ठेवीन, असं मी म्हणतो आणि तुझी आई हसते. तिचा गुडघा बरा आहे. निदान माझ्याशी भांडताना तरी ती ताडकन उभी राहते.

मागच्या सुट्टीत तू तो जड खोका घेऊन आलास तो दिवस मला सारखा आठवतो. दार उघडलं तर तू खोका छातीशी धरून घामाघूम. "काका, विंच आहे. म्हातारीला बसवू या." म्हातारी म्हणजे आपली जीप, हे नशीब मला ठाऊक होतं; विंच म्हणजे अडकलेली गाडी तारेनं ओढून काढायचं यंत्र, हे तू सांगितलंस. तुझी आई म्हणाली, "चांगल्या गाडीला ही सोंड कशाला?" मी मात्र खोका तुझ्या हातून घेतला. आदल्या हंगामात मी पेट्यांसकट चिखलात रुतून बसलो होतो, माश्या पिसाळल्या होत्या आणि मी सुजलेलं थोबाड घेऊन चालत घरी आलो होतो. ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं. पण तुला कुठून कळलं हे ओळखायला काही फार अक्कल लागत नाही. मटार सोलणारी व्यक्ती आत्ता मुद्दाम खिडकीबाहेर बघतेय.

मग आपण पडवीत जीपखाली लोळलो. पुढचा बंपर काढताना गंजलेले बोल्ट हलेनात, तेव्हा तू तेल सोडलंस आणि म्हणालास, "आता चहा पिऊ. बोल्टला विचार करायला वेळ द्यायचा." जाड पोलादी पाटा थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, आवळलास, कारण ओढ सगळी तिथेच यायची, बंपरवर नाही. बॅटरीपासून अंगठ्याएवढ्या जाड वायरी पुढे आणल्यास, आणि जिथे जिथे त्या पत्र्याच्या कडेला घासतील तिथे तिथे रबराची नळी चढवलीस. बॅटरीपाशी वेगळं बटण बसवलंस, म्हणजे काम नसताना विंचकडे वीज जायलाच नको. मी आपला पान्हा द्यायचा, विजेरी धरायची. तू एकदा न बघता हात मागे केलास आणि मी न विचारता नेमका हवा तो पान्हा तुझ्या हातात ठेवला. तू तो घेऊन तसाच बोल्ट फिरवत राहिलास. पण त्या संध्याकाळी जेवताना मी दोन घास जास्तच जेवलो.

तुला सांगायला हरकत नाही आता. तू आईबरोबर या घरात आलास तेव्हा माझ्या खांद्याएवढाही नव्हतास. तुझे वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तू विचारायचास, "काका, आत येऊ का?" मी नुसती मान हलवायचो. मूल कसं वाढवतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि तुझ्या वडिलांच्या जागी बसायला बघतोय असं तुला वाटू नये, याची मला मनातून फार धास्ती होती. म्हणून मी आपलं अंतर राखलं. "जेवलास का?" "हो काका." "अभ्यास झाला?" "हो काका." असं आपलं वर्षानुवर्षं चाललं. घरात भांडण नाही, तंटा नाही. लोक म्हणायचे, किती गुणी पोरगा. तुझी आई मात्र आपल्या दोघांकडे पाहून म्हणायची, "एवढं सभ्यपणानं तर पाहुणेसुद्धा वागत नाहीत." ते बोल्ट सुटले तेव्हा आणखीही काहीतरी सुटलं, असं मला त्या पडवीत वाटलं होतं.

आणि मग तुझी शिकवणी! घरामागच्या चढावर जीप नेलीस. झाडाला तार गुंडाळायची नाही, झाड सोलवटतं, म्हणून आधी रुंद पट्टा आणि मग त्यात आकडा. आईला स्टिअरिंगवर बसवून ब्रेकवर हलका पाय ठेवायला लावलास, म्हणजे तार रिळावर घट्ट, ओळीनं बसेल. विंच चालवायचं बटण माझ्या हातात. "काका, हातमोजे." "काका, ताणलेली तार ओलांडायची नाही." "काका, तारेवर जाड पांघरूण टाका, तुटली तर चाबकासारखी येते." "काका, शेवटच्या वेढ्यांना मी लाल रंग दिलाय. तार सोडताना लाल दिसलं की थांबा." मी मनात म्हटलं, अरे, तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय मी. पण तू तेच तेच इतक्या वेळा म्हणालास, की मला उशिरा का होईना उमगलं. हा मुलगा गाडीची नाही, माझी काळजी करतोय.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. आईनं फोनवर तुला अर्धीमुर्धी सांगितली असेल, पण ती स्वतःचा भाग गाळते, म्हणून मी सांगतो. आम्ही दोघं वर पेट्या बघून परत येत होतो. ऊन पडलं होतं, पण आधी सलग पाऊस झाल्यानं रस्त्याची दरीकडची कड भुसभुशीत झाली होती. मोठ्या वळणावर तुझी आई एकदम ओरडली, "थांबा!" पाहतो तर चाकांच्या खुणा सरळ कडेवरून खाली गेलेल्या. उतरून वाकलो. टपालाची छोटी व्हॅन, ढुंगण वर आणि नाक खाली, एका झुडपाला टेकून अडकलेली. त्याच्याखाली नुसता उतार, आणि तळाला ओढ्यातले दगड. आत आपली टपालवाली बाई. तीच, जिची गाडी दिसली की मी पेट्यांच्या मागे लपतो, कारण एक पाकीट द्यायला तिला सगळ्या गावाच्या बातम्या लागतात. एवढी बोलणारी बाई, पण आवाज कसा, तर मांजराच्या पिल्लासारखा. मी ओरडलो, "अजिबात हलू नका!" ती म्हणाली, "मी कुठं हलतेय हो, गाडीच हलतेय."

मला नुसती घाई सुटली होती, खोटं कशाला सांगू. तू म्हणाला होतास, घाई व्हायला लागली की आधी इंजिन चालू आहे ना ते बघा, नाहीतर विंच सगळी बॅटरी पिऊन टाकेल. मी बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू केलं, आणि त्या एका कामानं डोकं ठिकाणावर आलं. वळणावरच्या रुंद जागेत जीपचं तोंड व्हॅनकडे केलं, चाकांना दगड लावले. मागून जीप पट्ट्यानं झाडाला बांधली, नाहीतर व्हॅननंच आम्हाला खाली नेलं असतं. तार मोकळी सुटावी म्हणून विंचचा खटका सैल केला आणि ती हातात घेऊन बसल्या बसल्या घसरत खाली गेलो. या वयात, त्या पँटीत! पँट गेली. व्हॅनच्या बंपरला हात लावला नाही, तो हातात आला असता. खाली चाचपडत ओढायची कडी शोधली आणि आकडा अडकवला. मग बाजूला सरकून एका खडकाला धरून बसलो आणि हात वर केला.

बटण तुझ्या आईकडे होतं. सोंड म्हणणाऱ्या आईकडे. ती जीपमध्ये बसली होती, तार थेट तिच्या नजरेसमोर, त्यावर आपलं जुनं पांघरूण. थोडं ओढायची, थांबायची, माझ्या हाताकडे बघायची. पुन्हा थोडं. विंच गुरगुरला, तार सरळ झाली, आणि व्हॅन वीतभर मागे सरकली. तिच्या भारानं वाकलेलं झुडूप उसळी मारून ताठ उभं राहिलं. मी मूठ आवळली, विंच थांबला, आणि व्हॅन तारेवर जिथल्या तिथे राहिली. एक इंचसुद्धा खाली नाही. मी बाईंना म्हटलं, "आता हळूच मागच्या दारानं या." त्या पार्सलांच्या ढिगावरून रांगत आल्या, दार ढकललं आणि वर चढून चिखलात फतकल मारली. दोन श्वास घेतले आणि बोलायला लागल्या. त्या जे सुरू झाल्या ते थांबेचनात. खटपट्या, माणसाचा आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता.

वाटलं, संपलं. पण बाई डोळे पुसून म्हणाल्या, "आणि टपाल? त्यात वरच्या वस्तीची औषधं आहेत, एका बाईचं इन्सुलिन आहे." लोंबत्या गाडीत पुन्हा कुणी शिरणं शहाणपणाचं नव्हतं, म्हणून गाडीच वर घ्यायची ठरवली. आता व्हॅनमध्ये माणूस नव्हतं, तेव्हा जिवाची भीती नव्हती, पण कडेवर तिचं पोट अडलं. जीप मागच्या पट्ट्यावर ताणून कुरकुरायला लागली. तार रिळाच्या एका टोकाला गोळा होत चालली. मी घाईवर आलो होतो, पण तुझी आई खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "मोटर तापली असेल, थंड होऊ द्या. टपाल काय, तसंही उशिराच येतं." टपालवाली बाई रडता रडता खदखदून हसली. आम्ही थांबलो, मोटरला हात लावून बघितला, पुन्हा थोडं ओढलं, पुन्हा थांबलो. अखेर मागची चाकं रस्त्यावर आली, मग पुढची. व्हॅनचा एक दिवा फुटला होता आणि दाराला पोचा आला होता. बस्स. वरच्या वस्तीवर औषधं आम्हीच पोचवली, बाईंना मधे बसवून. त्या सगळा रस्ता बोलत होत्या.

त्या वळणावरून निघण्याआधी त्यांनी विंचवरून हात फिरवला, गुराच्या कपाळावरून फिरवतात तसा, आणि विचारलं, "हे कुणी बसवलं हो?" तुझी आई तार गुंडाळत होती. तिचे हात थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण तिचे कान माझ्याकडे होते. इतकी वर्षं असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "हिच्या मुलानं." ते खोटं नव्हतंच. तुझ्या आईचा तू आहेसच. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "माझ्या मुलानं." एवढंच. आकाश कोसळलं नाही. बाई "गुणाचा हो" म्हणाल्या आणि दुसऱ्या विषयाकडे वळल्या. घराच्या वाटेवर तुझी आई म्हणाली, "ऐकलं मी." मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही. समोर बघून गाडी चालवा."

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा सगळा कागद काळा केला. त्याच्या आदल्याच आठवड्यात तू फोनवर विचारलंस, "काका, लग्नात माझ्या बाजूनं वडील म्हणून तुम्ही उभे राहाल का? नाही म्हणालात तरी मला राग नाही." आणि मी काय केलं, तर "बघू, पेट्यांचं काम आहे" असं काहीतरी पुटपुटून फोन आईकडे दिला. काम काही नव्हतं रे. आणखी एक शब्द बोललो असतो तर तुला माझं रडू ऐकू गेलं असतं. तर उत्तर असं, की हो. हजारदा हो. तिथे काय करायचं असतं ते मला माहीत नाही, तू आधी सांगून ठेव. तुझ्या वडिलांचं नाव तू अभिमानानं लाव, ते तुझे पहिले आणि त्यांचं ऋण मीही मानतो, कारण त्यांनी तुला असा घडवून मग माझ्या दारात पाठवलं. तू मला "काका" म्हणतोस तेच म्हणत राहा, मला त्याची सवय झालीय आणि ते मला आवडतं. तुझ्या होणाऱ्या बायकोला माझे आशीर्वाद कळव. आणि तू विचारलंस, विचारावंसं तुला वाटलं, याबद्दल मी तुझा किती आभारी आहे हे मला अजूनही नीट लिहिता येत नाहीये. तुझ्या आईनं मटार बाजूला ठेवलेत आणि ती सरळ सरळ वाचतेय. ती म्हणते, पुरे, कळेल त्याला.

तुझाच,
काका